इंजिन नवं, रंग नवा, तरी गाडी पकडत नाही? जुन्या गाडीच्या इग्निशन वायरिंगचा गुंता असा सोडवतात

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बाद झाली. शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. हिशेब तिथेच संपला.

टॅक्सी संपली, पण गाडी संपली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्या आजही कुणाच्या वाड्यात, कुणाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभ्या आहेत. मग एक दिवस घरातला नातू किंवा नात ठरवते, आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची. डेंटिंग-पेंटिंग होतं. १०८९ सीसीचं इंजिन उघडून बांधलं जातं. सीट नव्या, क्रोम चकाचक. खिसा बराच हलका होतो.

आणि मग तो दिवस येतो. घरचे सगळे खाली जमलेत, नारळ आणून ठेवलाय, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केलाय. सेल्फ मारला जातो. इंजिन घुर्रघुर्र करत फिरतं, फिरत राहतं, पण पकडत नाही.

इथून पुढे बहुतेकांचं एकच होतं. कॉइल बदला, पॉइंट बदला, प्लग बदला, कार्ब्युरेटर खोला. दर वेळी नवा पार्ट, नवा खर्च आणि तीच घुर्रघुर्र. खरं तर रिस्टोर केलेल्या गाडीत फॉल्ट बहुतेकदा गाडीच्या म्हातारपणात नसतो. तो आपण नुकत्याच केलेल्या कामात असतो. नव्या रंगात, नव्या वायरीत, नव्या पार्टमध्ये.

कसा, ते समजण्याआधी ही ठिणगी येते कुठून ते बघू.

गॅरेजमधला ‘डेल्को’ आला कुठून?

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लगच्या जाड वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडचे मेकॅनिक ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतल्या डेटन शहरातून आलाय. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने तिथे १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिच्या आद्याक्षरांचं झालं डेल्को. केटरिंगची बॅटरीवर चालणारी इग्निशन सिस्टीम १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या पेट्रोल गाड्या थोड्याफार फरकाने त्याच पद्धतीवर धावल्या. आजोबांची फियाटसुद्धा.

ही पद्धत साधी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट किल्लीच्या स्विचमधून कॉइलपर्यंत येतात. कॉइलच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. जाड गुंडाळीतून करंट डेल्कोमधल्या पॉइंटपर्यंत जातो आणि पॉइंट मिटलेले असतील तर बॉडीतून बॅटरीकडे परत येतो. इंजिन फिरताना डेल्कोमधला दांडा पॉइंट उघडतो, करंट तटकन तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने बारीक गुंडाळीत १५-२० हजार व्होल्ट तयार होतात. रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. ठिणगी.

चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा घडतं. म्हणजे वाटेत कुठे जरा जरी अडथळा आला, तरी गाडी नखरे करणार हे उघड आहे.

किल्ली फिरवण्याआधी

नवीन वायरिंग टाकलेल्या गाडीला थेट बॅटरी जोडणं हा जुगार आहे. अनेक जुन्या गाड्यांमध्ये बॅटरी ते किल्ली ते कॉइल या रस्त्यावर फ्यूजच नसतो. फ्यूज उडाला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली असं होऊ नये, हा त्यामागचा विचार. पण त्याचाच अर्थ असा, की ही वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नाही. ती लाल होईल, शेजारच्या वायरी वितळवेल, आणि डॅशबोर्डमागे धूर दिसेपर्यंत अख्खा वायरिंग सेट गेलेला असेल. जवळच पेट्रोलचा पाइप असेल तर गोष्ट वायरिंगवरही थांबत नाही.

यावर जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांची युक्ती आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरची केबल काढायची आणि टोक व केबल यांच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. किल्ली बंद, सगळे दिवे बंद. बल्ब पूर्ण तेजात पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण करंट बल्बमधूनच जात असल्याने वायर जळणार नाही. मग एकेक जोड सुटा करत बघायचं, कुठल्या जोडाला बल्ब विझतो. किल्ली चालू केल्यावर बल्ब थोडा मंद पेटणं साहजिक आहे, कारण कॉइल करंट घेते. वीस रुपयांच्या आसपासच्या बल्बने हजारोंचं वायरिंग वाचतं, त्यामुळे ही पायरी कुणी ‘वेळ नाही’ म्हणून गाळत असेल तर त्याला गाळू देऊ नये.

आधी ठरवा: ठिणगी नाही की पेट्रोल नाही?

एक प्लग काढून त्याच्या वायरीला लावायचा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. प्लग हाताने धरायचा नाही, इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने धरायचा. आसपास पेट्रोल सांडलेलं किंवा वास येत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. शिवाय प्लगच्या मोकळ्या झालेल्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब. त्यापेक्षा एक जुना जादाचा प्लग वापरला आणि इंजिनचे प्लग जागेवरच ठेवले तर उत्तम.

निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर वायरिंग बरंचसं ठीक आहे, शोध कार्ब्युरेटर आणि टायमिंगकडे वळवा. पिवळट, मरगळलेली ठिणगी किंवा ठिणगीच नाही, तर पुढे वाचा.

१२ व्होल्ट दाखवणारा मीटर खोटं बोलतो

पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या केबल बघायच्या. ते ठीक असेल तर पुढची पायरी म्हणून लोक मल्टिमीटर कॉइलच्या प्लस टोकाला लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय’ म्हणून पुढे सरकतात.

इथेच बहुतेकांची फसगत होते. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटलेल्या असल्या तरी उरलेली एक तार मीटरला १२ व्होल्ट दाखवायला पुरते, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. नळ बंद असताना पाइपात दाब असतोच. धार किती येते ते नळ उघडल्यावरच कळतं.

म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना. इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणायचे, किल्ली चालू करायची, आणि मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कॉइलच्या प्लसवर ठेवायची. मधल्या वाटेत किती व्होल्ट ‘खाल्ले’ गेले ते मीटर थेट दाखवतो. अर्धा व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर वाटेतल्या प्रत्येक जोडावर हेच मोजत यायचं. किल्लीचा स्विच, फ्यूजबॉक्सचा स्क्रू, नवीन लावलेलं थिंबल. जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर.

अर्ध्या-एका व्होल्टने काय बिघडतं? हिशेब करून बघा. साध्या कॉइलच्या जाड गुंडाळीचा रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. वाटेत एखाद्या कळकलेल्या जोडाने फक्त १ ओहमची भर घातली तर करंट ३ अँपिअरवर येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे करंट पाऊण झाला तरी ऊर्जा जेमतेम ५६ टक्के उरते. एक हिरवा पडलेला जोड ठिणगीचा जवळपास अर्धा जीव घेतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत तांब्याला असा कळंक चढलेला असणार हे गृहीतच धरायचं. वरची पीव्हीसी दिसायला धडधाकट असते, आत तार काळी.

एक सूचना. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नये. कॉइलमधून करंट सतत वाहतो, ती तापते आणि पॉइंटसकट जाऊ शकते. मोजायचं, किल्ली बंद करायची.

नवा रंग हाच सगळ्यात मोठा खलनायक

जुन्या गाडीत परतीची वायर नसते. करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. रिस्टोरेशनमध्ये आपण काय करतो? तो पत्रा गंज काढून, प्रायमर मारून, दोन-तीन हात रंग चढवून सुंदर करतो. बोल्टची भोकं, ब्रॅकेटच्या बैठका, इंजिनचे भाग, सगळ्यावर रंग. आणि रंग वीज नेत नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी एक स्वतंत्र अर्थिंगची पट्टी किंवा केबल लागते. इंजिन उतरवून पुन्हा बसवताना नेमकी तीच विसरली जाते, नाहीतर रंगावरच कसली जाते. तेव्हा एक विचित्र गोष्ट घडू शकते. सेल्फचा प्रचंड करंट परतीसाठी मिळेल ती वाट पकडतो आणि चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल गरम लागत असेल किंवा तिचं कव्हर वितळलेलं दिसलं, तर कॉइलकडे न बघता अर्थिंगची पट्टी शोधावी.

तपास तोच, करंट वाहत असताना. पॉइंट मिटलेले, किल्ली चालू, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी डेल्कोच्या धातूच्या अंगावर. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. दिसलं तर पॉलिश पेपर घ्यायचा, बोल्टखालची रुपयाएवढी जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायची, जोड कसायचा आणि मग त्यावर ग्रीस लावायचं, म्हणजे पुन्हा गंजणार नाही. नव्या रंगावर पॉलिश पेपर चालवायला हात धजत नाही हे खरं, पण बोल्टखाली बघायला कोण येणार आहे?

एक टेस्ट लॅम्प, तीन उत्तरं

आता डेल्को. एक छोटा १२ व्होल्टचा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प पुरतो. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या त्या टोकाला जिथून वायर डेल्कोकडे जाते. किल्ली चालू करून सेल्फ मारायचा.

बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघड-मीट करतायत, जाड गुंडाळीचा भाग ठीक आहे.

बल्ब सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीयेत, किंवा मिटूनही करंट जात नाही. नवे पॉइंट असतील तर त्यांच्या तोंडावर कारखान्यातला गंजरोधक थर असू शकतो, स्वच्छ कापडाने पुसून बघायचं. काही डेल्कोंमध्ये आतली हलणारी प्लेट आणि बॉडी यांना जोडणारी एक बारीक लवचिक तार असते, ती तुटली तरी हेच दिसतं.

बल्ब पेटलाच नाही, तर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावून बघायचा. तिथे पेटतो आणि इकडे नाही, म्हणजे कॉइलची गुंडाळी आत तुटलेली आहे किंवा डेल्कोकडची बाजू कायमची बॉडीला टेकलेली आहे. डेल्कोकडची वायर काढून बल्ब पेटला की दुसरा संशय पक्का. यात कंडेन्सर शॉर्ट असू शकतो किंवा पॉइंट उघडतच नसतील, पण रिस्टोर केलेल्या गाडीत याचं ठरलेलं कारण म्हणजे पॉइंटच्या स्क्रूवरचे छोटे इन्सुलेटिंग वॉशर चुकीच्या क्रमाने बसवलेले असणं. पॉइंटची स्प्रिंग आणि कॉइलकडून आलेली वायर एकमेकांना टेकली पाहिजेत, पण खालच्या प्लेटला मुळीच नाही. नखाएवढा वॉशर उलटसुलट झाला की अख्खी गाडी ठप्प. म्हणून जुना डेल्को उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा.

पॉइंटचं अंतर बहुतेक गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. आणि कंडेन्सर नवा म्हणून निर्दोष समजू नये. डेल्कोची कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटवर भगभगीत ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर मात्र मरगळ असेल, तर संशयित तोच. काढलेला जुना कंडेन्सर फेकला नसेल तर तो परत लावून बघणं हा चांगला प्रयोग आहे.

किल्ली सोडली की बंद पडते?

हे लक्षण वेगळं ओळखावं. काही गाड्यांमध्ये कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. चालू इंजिनात तो कॉइलला कमी व्होल्टेज देतो आणि सेल्फ मारताना एका वेगळ्या वायरीने त्याला वळसा घालून बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज कॉइलला मिळतं. सेल्फ मारताना गाडी पकडते आणि किल्ली सोडताक्षणी मरते, म्हणजे रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलेली. उलट, सेल्फ मारताना काही नाही आणि किल्ली सोडता सोडता एक ठसका देते, म्हणजे वळशाची वायर जोडायची राहिली. बॅलास्टवाल्या गाडीची कॉइल साधारण १.५ ओहमची असते. ती साध्या सर्किटमध्ये लावली तर करंट दुप्पट होतो, ती तापते आणि पॉइंट जळतात. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला तरी मीटर लावून ओहम बघूनच घ्यावी.

प्लस-मायनसचंही असंच. फियाटमध्ये बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला असतं आणि कॉइलचं मायनस डेल्कोकडे जातं. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असायचं. कॉइल उलटी जोडली तर गाडी चालते, पण प्लगला जास्त दाब लागतो आणि ठिणगी कमजोर पडते. तोच प्रकार इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या बाबतीत झाला तर ते बहुधा क्षणात जातं.

आधीच्या मालकाची भुतं

गाडी पूर्वी टॅक्सी असेल किंवा चार हात फिरून आली असेल, तर वायरिंगमध्ये कंपनीने कधीच न दिलेल्या गोष्टी सापडतात. सीएनजी किटचा चेंजओव्हर स्विच आणि पेट्रोलचा व्हॉल्व्ह यांना बहुतेकदा इग्निशनच्या वायरीतूनच फाटा काढलेला असतो. किट गेलं तरी फाटा टेप गुंडाळून तसाच लोंबतो. दुसरं भूत म्हणजे चोरीच्या भीतीने बसवलेला गुपित स्विच. सीटखाली, डॅशमागे किंवा हँडब्रेकजवळ, कॉइलची वायर तोडून मध्ये बसवलेला. ज्याने बसवला त्यालाच जागा माहीत, आणि तो आता या जगात नसेल तर अवघड. कॉइलची वायर हाताने शेवटपर्यंत चाचपत जाणं हाच उपाय.

यात हल्ली एक घाई दिसते. वैतागून पॉइंट-कंडेन्सर काढून टाकायचे आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. ते चांगलं चालतं, यात वाद नाही. पण त्यालाही पूर्ण व्होल्टेज आणि पक्कं अर्थिंग लागतंच. कुजलेल्या वायरिंगवर ते बसवलं तर जुना फॉल्ट तसाच राहतो, फक्त टेस्ट लॅम्पने शोधता येणं बंद होतं. शिवाय ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट घ्यायची असेल, तर गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे. त्यामुळे काहीही बदलण्याआधी मूळ पार्ट नीट बांधून ठेवलेले बरे.

ठिणगी आली, तरी ठसके?

ठिणगी झकास आहे, पण कार्ब्युरेटरमधून भडका येतो, सायलेन्सरमधून फटाका वाजतो. बहुतेकदा प्लगच्या वायरी चुकीच्या क्रमाने लावलेल्या असतात. फियाट ११०० चा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणजे पहिल्या सिलिंडरपासून रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने कॅपवर याच क्रमाने वायरी यायला हव्यात. क्रम बरोबर असूनही तेच होत असेल तर डेल्को अर्धा फेरा उलटा बसलाय का ते बघायचं. पिस्टन वर आला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, असं समजून बसवला की हे होतं. पिस्टन दोनदा वर येतो. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन हळू फिरवलं की ज्या वेळी हवा बोटाला ढकलते ती खरी वेळ.

गाडी एकदा पकडली की लगेच फेरी मारायला काढू नये. जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून, मग बंद करून, प्रत्येक नव्या जोडावर हात ठेवून बघावं. जो जोड गरम लागेल तो पुन्हा उघडून साफ करावा. त्यानंतर टायमिंग लाइट लावून डेल्को नेमका बसवायचा आणि काढलेला जुना कंडेन्सर, चालू असेल तर, फडक्यात गुंडाळून डिकीत टाकायचा.